कान मिटणारी गाडी

१

गाडीला कुलूप होतं, चावी अनिरुद्धरावांच्या कनवटीला होती, आणि गाडीतून वडील नाहीसे झाले होते.

वडील म्हणजे सीतारामराव. पाच महिन्यांपूर्वी ते बंगळुरात वारले. जे काही उरलं होतं ते तांब्याच्या एका कलशात होतं. कलशाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, आणि कलश एका जाड कापडी पिशवीत, समई आणि दोन नारळांच्या शेजारी. जाताना म्हातारा एवढंच म्हणाला होता, "मला नळाच्या पाण्यात सोडू नकोस रे. कावेरीत ने." अनिरुद्धराव हो म्हणाले आणि मग पाच महिने आज-उद्या करत राहिले. आज अमावास्या होती. तिरुवैयारूच्या शास्त्र्यांनी सूर्य बुडायच्या आतली वेळ दिली होती. सव्वाचार वाजले होते, आणि तंजावरच्या त्या बोळात उभ्या असलेल्या भाड्याच्या गाडीच्या डाव्या सीटवर पिशवी होती, समई होती, नारळ होते. कलश तेवढा नव्हता.

तसं पाहिलं तर गाडीने आधीच इशारा दिला होता. दुपारची झोप झाल्यावर अनिरुद्धराव तिच्याजवळ गेले, दाराच्या मुठीवरची काळी टिकली त्यांनी दाबली, तर गाडीने 'पीं' करून दोन्ही बाजूंचे आरसे मिटून घेतले. मारकुटा मास्तर दिसताच पोरगं कानांवर हात घेतं ना, अगदी तसं. दार काही उघडलं नाही. त्यांनी तिला एक शिवी दिली आणि टिकली पुन्हा दाबली. तेव्हा आरसे उघडले, दार उघडलं आणि आत हे दिसलं.

दुसरा कोणी असता तर ओरडला असता. अनिरुद्धरावांना ओरडायची सोय नव्हती. दाराच्या आत, पाच पावलांवर, कमलाक्षीआत्या होती. सीतारामरावांची बहीण, वय शहाऐंशी, काळीज कागदाच्या होडीसारखं. भाऊ गेला हे तिला सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सबंध बोळ ते गुपित पाच महिने सांभाळत होता. आणि दर रविवारी दहा वाजता अनिरुद्धराव बंगळुराहून फोन लावून, घसा खरवडून, मध्येमध्ये खोकत, आपल्या वडिलांच्या आवाजात आत्याशी गप्पा मारत होते.

म्हणजे कलश शोधायचा होता, तोही कुजबुजत.

२

या गाडीने सकाळपासूनच त्यांच्यावर सूड उगवायला घेतला होता.

अनिरुद्धरावांची स्वतःची गाडी बावीस वर्षांची. किल्ली घालायची, पिरगाळायची, तिने खाकरायचं, की निघायचं. हिला किल्लीचं भोकच नव्हतं. भाड्याच्या गाड्या देणारा साईराम स्टेशनबाहेर अकरा मिनिटं समजावत होता: "चावी नुसती जवळ ठेवा सार. गाडीला आपोआप कळतं." काय कळतं, कसं कळतं, हे विचारायच्या आत तो स्कूटरवरून गेलासुद्धा. मग ब्रेक दाबल्याशिवाय बटण ऐकेना. हँडब्रेक म्हणून जे होतं ते करंगळीएवढं, गिअर म्हणून जे होतं ते मिक्सरचं बटण. डावीकडे वळायचं म्हणून दांडी खाली केली, तर वायपर सुरू झाले, आणि ढगाचा ठिपका नसलेल्या वैशाखी उन्हात ते थेट घरापर्यंत वायपर हलवत आले. रस्त्यातल्या दोन म्हशी त्यांच्याकडे बघून थांबल्या असं लोक सांगतात. मी म्हशींना विचारलेलं नाही.

त्यात ती सारखी किंचाळत होती. डाव्या सीटवर पिशवीचं वजन पडलं, की हिला वाटे तिथे माणूस बसलाय आणि त्याने पट्टा लावलेला नाही. शेवटी अनिरुद्धरावांनी पिशवीला पट्टा लावला. गाडी गप्प झाली. वडिलांना पट्टा लावून बसवल्यावर त्यांना कसंसंच झालं, पण तेही गप्प राहिले.

घराशी आले तर आत्या तिण्णैवर खुर्ची टाकून बसलेली. तिण्णै म्हणजे घरापुढचा ओटा. इथल्या मराठी घरांतही तो तिण्णैच. बोळ एवढा अरुंद, की गाडीची डावी बाजू ओट्याला खेटून राहिली. दार उघडेल एवढीच फट. बॅगा काढायला म्हणून अनिरुद्धराव त्या बाजूला आले आणि मूठ ओढत राहिले.

"अरे, त्या काळ्या टिकलीवर दाब. टिकलीवर," आत्या हसत म्हणाली. "सिलोनची काकू येते तेव्हा भाड्याने घेते ती गाडी अशीच असते."

टिकली दाबली, दार उघडलं. स्वयंपाकीण अलमेलुने बॅगा, फळं, मिठाईचा डबा, अस्कं म्हणजे सगळं सामान आत नेलं. पट्टा लावलेल्या पिशवीकडे तिचा हात गेला तेव्हा अनिरुद्धरावांनी तिला थांबवलं.

"ते राहू दे. मित्राचं लोणचं आहे. तिरुवैयारूला द्यायचंय."

"बाहेरच ठेवणार?" आत्याने विचारलं.

"बाहेरच."

"बरं," आत्या म्हणाली.

त्या घरची रीत अशी, की अस्थी उंबऱ्याच्या आत आणायच्या नाहीत. बंगळुरातही कलश पाच महिने बाल्कनीच्या हुकाला टांगलेला होता. अनिरुद्धरावांनी गाडीला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि आत गेले. जेवताना आत्याने मुलीचं विचारलं, जावयाचं विचारलं, बंगळुरातल्या गॅसवाल्याला मुलगा झाला का तेही विचारलं. मग वेष्टी, म्हणजे लुंगीवजा धोतर, नेसून, चावी कनवटीला खोचून ते गाडीशेजारीच ओट्यावर आडवे झाले. राखण म्हणून. हात लांब केला तर गाडीला लागावा एवढ्या अंतरावर.

आणि त्यांच्या नाकाखालून कलश गेला.

३

शेजारच्या घरात चिदंबरराव राहत. पंचेचाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केलेला माणूस. एका जमीनदाराच्या तिजोरीला त्यांनी नुसता कान लावला आणि तिजोरी लाजून स्वतःच उघडली, असं ते सांगत. तिजोरी आणि जमीनदार दोन्ही हयात नसल्यामुळे खोडून काढायला कोणी नव्हतं. बिनभोकाच्या गाड्या आल्या तशी त्यांची टपरी बंद पडली. त्यामुळे अशी गाडी त्यांना हवीच होती, तपासायला किंवा नुसती शिव्या द्यायला.

ते गाडीभोवती एकदा फिरले. खिडक्यांच्या रबरावरून नख फिरवलं. मग डाव्या सीटपाशी वाकून बघत राहिले.

"पट्टा तू लावलास?"

"सकाळी. आताही लावलेलाच होता."

"म्हणजे चोराने पट्टा सोडला, फडकं बांधलेला कलश काढला, पितळेची समई तशीच ठेवली आणि पिशवीला पुन्हा पट्टा लावला." चिदंबरराव सरळ झाले. "एवढा सभ्य चोर माझ्या अख्ख्या आयुष्यात बघितला नाही. चावी दे इकडे."

चावी त्यांनी कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही. त्यांचं तोंड कडू झालं.

"दुसरी चावी?"

दुसरी चावी साईरामच्या ऑफिसात होती. फोन केल्यावर तो वीस मिनिटांत आला. चावी कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे, असं म्हणाला. मग अनिरुद्धरावांकडे वळून आवाज खाली केला.

"सार, एक सांगतो. अस्थी न्यायच्या आहेत हे तुम्ही बोलला नाहीत. बोलला असता तर ही गाडी दिलीच नसती मी. पुढच्या आठवड्यात हिला लग्नाला जायचंय."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. कारण फोनवर चिदंबररावांनी त्याला 'एक भांडं गेलंय' एवढंच सांगितलं होतं.

"अस्थी आहेत हे तुला कोणी सांगितलं पा?" चिदंबररावांनी हळूच विचारलं.

साईरामने स्कूटरच्या आरशात स्वतःलाच पाहून घेतलं. "एक वाजता फोन आला होता. दुसरी चावी मिळेल का म्हणून. तुमच्याच घरातले आहेत. व्यंकोजी."

४

व्यंकोजी म्हणजे अनिरुद्धरावांचा चुलतभाऊ, ओरत्तनाडूला तालुका कचेरीत. आईबाप लहानपणी गेले आणि सीतारामरावांनी त्याला पोरासारखं वाढवलं. कोपऱ्यावरच्या दुकानात तो कॉफीचा पेला-डबरा पुढ्यात घेऊन बसला होता. कॉफीवर साय धरली होती. कपाळावर सकाळचं गंध, एकही भेग न पडलेलं.

"हो, मागितली चावी," तो म्हणाला. "चोरी करायला नाही. काकांना मी नेणार होतो. तू पाच महिने त्यांना बाल्कनीत वाळत घातलंस, अण्णा. मुलगा तू, म्हणून मी गप्प बसलो. आज तू जेवून घोरत होतास. सूर्य काय तुझी झोप व्हायची वाट बघणार होता?"

"मग नेलंस?"

"साईराम नाही म्हणाला. मी इथेच बसलोय तेव्हापासून. दुकानवाल्याला विचार, तिसरी कॉफी आहे." त्याने कॉफी बाजूला सारली. "म्हणजे काका सापडत नाहीत?"

आयुष्यात अनिरुद्धरावांनी वडिलांसाठी एकच काम शेवटपर्यंत करायचं ठरवलं होतं, आणि ते करताना त्यांना झोप लागली होती.

घरी परतले तेव्हा पाच वाजून गेले होते. राहिली अलमेलु. सकाळपासून ती त्या पिशवीकडे नाक मुरडत होती. लोणच्यावर कोणी पांढरं फडकं असं बांधत नाही, असं तिने चिदंबररावांच्या बायकोला सांगूनही ठेवलं होतं. चिदंबररावांनी तिला पुढच्या दारी गाठलं. अनिरुद्धराव शेजारी उभे राहिले.

"दुपारभर तू कुठे होतीस?"

"अडीचला उन्हात घातलेले तांदळाचे पापड-वडाम उलटायला पुढे आले होते. अण्णा झोपलेले. गाडीचे कान उघडे होते."

"कसले कान?"

"ते आरसे. अण्णा जेवायला आले तेव्हा मिटलेले होते. मला वाटलं गाडीला उकडत असेल." ती पदराने वारा घेऊ लागली. "मला विचारू नका काही. माझं आज डोकं फिरलंय. भांडी घासायला बसले तर टाकीत थेंब नाही. अम्मांनी भर दुपारी दुसऱ्यांदा अंघोळ केली. डोक्यावरून. सकाळी केली होती ना? विचारलं तर म्हणाल्या, उकडतंय."

चिदंबरराव एकदम ओट्यावर बसले. भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

"अनिरुद्धा," शेवटी ते म्हणाले, "चोर सापडला. पण तू आत जाऊ नकोस असं मला वाटतं."

५

"आधी सांगा, गाडी उघडली कशी," अनिरुद्धराव हट्टाला पेटले. "चावी माझ्याजवळ होती. क्षणभरही हलली नाही."

"तुझ्याजवळ होती म्हणूनच उघडली." चिदंबररावांनी साईरामला हाक मारली. "सांग रे, हिचे कान कधी मिटतात?"

"लॉक केली की मिटतात सार. उघडली की उघडतात."

"आणि लॉक कशी करायची?"

"टिकली दाबायची. उघडी असेल तर बंद होते, बंद असेल तर उघडते. फक्त चावी हातभर अंतरात पाहिजे. कोणाकडे आहे ते गाडी बघत नाही."

"ऐकलंस? ती माणूस ओळखत नाही, अंतर ओळखते. तू कनवटीला चावी लावून तिच्या कुशीत झोपलास. ज्याने टिकली दाबली त्याला तिने दार उघडून दिलं. तू चार वाजता उठून टिकली दाबलीस तेव्हा तिने कान मिटले, कारण ती आधीच उघडी होती. तू तिला बंद केलीस. राखण करायला तू मागच्या खोलीत झोपला असतास, तर कुलूप टिकलं असतं."

अनिरुद्धराव गाडीकडे बघत राहिले. झोपेत त्यांना आगगाडीची शिटी ऐकू आली होती. बारीक, एकदाच.

"साईरामने चावी दिली असती तर व्यंकोजीला कॉफी सोडून इथे यावं लागलं असतं. तो हलला नाही. आणि अस्थींना हात लावून या घरातला माणूस अंघोळ केल्याशिवाय राहत नाही. व्यंकोजीच्या कपाळावरचं गंध सकाळचंच आहे. अलमेलुला ते सोवळं नाही, आणि अंघोळ केली असती तर पाणी संपल्याची ओरड तिने केली नसती. टिकली कुठे असते हे या बोळात तुझ्याआधी कोणाला माहीत होतं, ते तूच आठव." चिदंबररावांनी मागच्या अंगणाच्या दिशेने मान वळवली. "आणि हेही आठव, की आज सकाळपासून तिने तुला तुझ्या वडिलांबद्दल एक शब्द विचारला का?"

मागच्या अंगणात आत्या जमिनीवर बसली होती. उंबऱ्याच्या बाहेर; घराला वळसा घालून ती तिथे आली होती. केस ओले, पाठीवर मोकळे. पुढ्यात कलश, आणि कलशापुढे केळीच्या पानावर दहीभात, कडेला लिंबाच्या लोणच्याची एकच फोड. भात उन्हाने वाळत आला होता.

"ये," ती मागे न बघता म्हणाली. "लोणचं आहे म्हणालास, म्हणून लोणचंही वाढलं."

अनिरुद्धराव तिच्या शेजारी बसले.

"अस्कं आत आणलंस आणि तेवढं एक उन्हात ठेवलंस. या घरात उंबऱ्याबाहेर काय ठेवतात ते मला कोणी शिकवायला हवं का?"

"आत्या, डॉक्टरांनी..."

"डॉक्टर काय करतील. मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. सीताराम आधी खोकायचा, मग बोलायचा. तू बोलून घेतोस आणि आठवण झाली की खोकतोस."

पानावर माशी बसली. आत्याने ती उडवली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर फोन यायचा बंद झाला असता."

६

साडेपाचला निघायचं ठरलं. कलश डाव्या सीटवर, पट्टा लावून. आत्या मागे, तिला धरून व्यंकोजी. अनिरुद्धरावांनी ब्रेक दाबला, बटण दाबलं. गाडीतली बाई गोड आवाजात म्हणाली, चावी सापडत नाही.

कनवट झटकली, पिशवी उलटी केली, सीटखाली हात घातले. साईरामने गाडीला तमिळमधून दोन गोष्टी सुनावल्या. चावी कुठे आहे हे चौघांच्या ध्यानात यायला पंधरा मिनिटं लागली. चिदंबरराव विजयाच्या भरात घरी गेले होते आणि अंधाऱ्या खोलीत बसून, चावी कानाला लावून, ती आत काय बोलते ते ऐकत होते.

पुढे रेल्वेचं फाटक बंद मिळालं. तिरुवैयारूच्या घाटावर पोचले तेव्हा सूर्य माडांमागे गेला होता. शास्त्री निघून गेले होते. पायऱ्यांखाली कावेरी नव्हती. वाळू होती, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि मधोमध शेळ्यांचा एक कळप निवांत चालला होता. धरणाचं पाणी सुटायला महिना होता. ते अनिरुद्धरावांना माहीत होतं. घाईत त्यांनी तिथी पाहिली होती, नदी पाहिली नव्हती.

व्यंकोजीने नारळ फोडला आणि करवंटीने खणायला घेतलं. कोपरापर्यंत खणलं, वाळू ओली लागली. खांद्यापर्यंत खणलं, पाणी लागलं नाही. अनिरुद्धरावांनी फडक्याची गाठ सोडली. आत्याने त्यांच्या मनगटाला धरलं. नाव घेतलं, गोत्र सांगितलं, आणि कलश खड्ड्यात रिता केला. वर वाळू लोटली.

"पाणी येईल तेव्हा जाईल तो," आत्या म्हणाली. "पाच महिने थांबलाच की."

पायऱ्या चढताना ती दोनदा बसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा अनिरुद्धराव तिच्यापुढे उकिडवे झाले.

"आत्या, मी रविवारी फोन करत जाईन. दहालाच. माझ्या आवाजात."

तिने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. अनोळखी माणसाने पत्ता विचारावा तेव्हा माणूस बघतो तसं.

"तुझ्या आवाजात काय बोलायचं रे आपण?"

साठ वर्षांत ते दोघं एकमेकांशी जे बोलले होते, ते सगळं सीतारामरावांबद्दल होतं.

व्यंकोजीने तिला मागच्या सीटवर बसवलं. समई आणि पिशवी डिकीत टाकली. अनिरुद्धराव स्टिअरिंगपाशी बसले, ब्रेक दाबला, बटण दाबलं. गाडी पहिल्या खेपेला सुरू झाली. हात सवयीने डावीकडच्या रिकाम्या सीटच्या पट्ट्याकडे गेला आणि मध्येच थांबला, कारण गाडी ओरडली नाही. तिण्णैपर्यंतचे तेरा किलोमीटर ती चकार शब्द बोलली नाही. दिवसभरात पहिल्यांदाच तिला सगळं बरोबर कळलं होतं.